तपासणीच्या दिवशी न दिसलेली मुलं

एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या बालगृहात आम्ही काही जण शनिवारी दुपारी मुलांबरोबर प्रयोग करायला जातो. भिंगं, लोहचुंबक, फुगे, सलाईनच्या वापरून झालेल्या नळ्या असा आमचा पसारा असतो. बालगृहाच्या आवारातच एक वर्ग भरतो. बाहेरच्या शाळेत अजून नाव दाखल न झालेली, किंवा शाळा सुटून दोन-तीन वर्षं झालेली मुलं त्यात बसतात. वय सात ते सोळा. वर्ग घेणाऱ्या बाईंची नेमणूक एका वर्षाच्या करारावर आहे, आणि करार पुढे चालू राहायचा की नाही हे बरंचसं शेरेबुकातल्या शेऱ्यांवर ठरतं.

एका शनिवारी आम्ही गेलो तेव्हा बाई पडलेल्या चेहऱ्यानं बसलेल्या. आदल्या दिवशी तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच लावलेल्या तक्त्याकडे बोट दाखवून पथकानं शेरा लिहिला होता, ‘वाचनात प्रगती दिसत नाही.’

तक्ता अगदी साधा होता. जूनमध्ये वर्गात २४ मुलं होती. त्यांतली ९ मुलं तिसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद, अडखळत का होईना, वाचून त्यात काय लिहिलंय ते सांगू शकत होती. सप्टेंबरमध्ये बाईंनी पुन्हा तीच चाचणी घेतली. मुलं २४, वाचू शकणारी ९. तीन महिन्यांत एकाचीही भर नाही.

“तक्ता खोटा नाही,” बाई म्हणाल्या, “पण मुलं वाचायला लागलीत हेही खोटं नाही. माझ्या डोळ्यांसमोर लागलीत.”

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? आम्ही हजेरीपट मागितला आणि व्हरांड्यात बसून एकेक नाव तपासलं. तासाभरात उलगडा झाला. जूनमधल्या २४ मुलांपैकी ११ मुलं मधल्या काळात बालगृहातून गेली होती. कुणी घरी, कुणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात. या अकरांपैकी ७ जण वाचू शकणारे होते. त्यात नवल काही नाही. जी मुलं जास्त दिवस राहिली होती तीच वाचायला शिकली होती, आणि त्यांच्याच प्रकरणांचे आदेश आधी निघाले. त्यांच्या जागी नवी ११ मुलं आली. त्यांतल्या एकालाच वाचता येत होतं. म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सलग राहिलेली मुलं १३. त्यांपैकी जूनमध्ये वाचू शकणारी होती २, आणि सप्टेंबरमध्ये ८. आठ अधिक एक, नऊ!

तीन महिन्यांत तेरापैकी सहा मुलं नव्यानं वाचू लागली होती. आपल्यापैकी कितीजणांच्या वर्गात असं घडतं? आणि शेरा मात्र ‘प्रगती दिसत नाही’.

ज्यांच्या घरी एके काळी तांब्याचा बंब होता त्यांना हे चटकन समजेल. बंबात वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर पडतं. समजा, तुम्ही सारखं पाणी ओतत राहिलात आणि बंबात तापमापी बुडवून ठेवलीत, तर ती काही वेळानं एका आकड्यावर स्थिर होईल. दहा मिनिटांनी पाहा, वीस मिनिटांनी पाहा, पारा तिथंच. यावरून ‘जाळ पेटलेलाच नाही, पाणी तापत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर आपण हसू. जाळ काय काम करतोय हे पाहायचं तर आत जाणाऱ्या पाण्याचं तापमान घ्यायचं, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं घ्यायचं आणि वजाबाकी करायची. बालगृहातला वर्ग हा असा वाहता बंब आहे. त्याची सरासरी काढणं म्हणजे मधल्या पाण्यात तापमापी बुडवणं.

नेहमीच्या शाळेत हा घोटाळा फारसा होत नाही, कारण जूनमध्ये आलेली मुलं बहुतेक एप्रिलपर्यंत तीच असतात. त्यामुळे वर्गाच्या सरासरीवरून मुलांबद्दल बोलायची आपल्याला सवय लागली आहे. केंद्रप्रमुखांचे तक्ते, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठका, सगळं त्या सवयीवर उभं आहे. तीच मोजपट्टी जशीच्या तशी बालगृहात नेली की ती खोटं बोलू लागते.

(एक सावधगिरी इथंच नोंदवून ठेवू. राहिलेली १३ मुलं म्हणजे सगळ्या मुलांचे प्रतिनिधी नव्हेत. ज्यांना घरी नेणारं कुणी नाही अशी मुलं जास्त राहतात, आणि त्यांचं शिकणं इतरांपेक्षा वेगळं असू शकतं. ‘बाईंच्या वर्गात प्रगती होते’ एवढं या आकड्यांवरून म्हणता येईल. ‘प्रत्येक मुलाची एवढी होते’ असं म्हणता येणार नाही.)

आता ही घरं कोणती आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची, हे थोडक्यात पाहू. सरकारनं किंवा समाजानं मुलांना ताब्यात घेऊन शिकवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ सालची. मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा १९२४ साली झाला. देशभरासाठी बाल न्याय कायदा आला १९८६ मध्ये, त्यानंतर २००० मध्ये आणि आताचा २०१५ चा. लोकांच्या तोंडी ‘रिमांड होम’ हा एकच शब्द असला तरी कायद्यात प्रकार वेगवेगळे आहेत. ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, म्हणजे हरवलेली, सोडून दिलेली, कामावरून सोडवलेली, घरात छळ होणारी मुलं, त्यांच्यासाठी बालगृह. त्यांच्याबद्दलचा निर्णय बालकल्याण समिती घेते. कायद्याचा भंग केल्याचा आरोप असलेल्या मुलांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे चालू असताना निरीक्षणगृह. ही चौकशी साधारण चार महिन्यांत संपावी अशी अपेक्षा आहे. आणि मंडळानं तसा आदेश दिला तर विशेष गृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातल्या अशा ९,५८९ संस्थांची नोंद आहे.

या प्रत्येक घरात मुलांच्या शिक्षणाची सोय असलीच पाहिजे असं २०१५ चा कायदा सांगतो, आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा लागू आहे हेही स्पष्ट म्हणतो. तपासणीचीही तरतूद आहे. तपासणी समितीनं दर तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची. पथकात कमीत कमी तीन सदस्य, त्यात किमान एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा, त्यावर महिन्याभरात कार्यवाही व्हायची. कागदावर ही योजना चांगली आहे असंच आमचं मत आहे. वर्षातून चारदा बाहेरचं माणूस आत येतं ही काही लहान गोष्ट नव्हे. बंद दारांमागे काय घडू शकतं याची उदाहरणं आपण वर्तमानपत्रांत वाचलेली आहेत. पण शिक्षणाच्या बाबतीत या भेटींमध्ये एक गणिती खाच आहे, आणि ती तपासणी करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अजिबात अवलंबून नाही.

ती समजण्यासाठी आधी तुमच्या वर्गात एक प्रयोग करा. प्रत्येक मुलाला विचारा, “तुझ्यासकट तुम्ही भावंडं किती?” सगळे आकडे फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. मुलांना विचारा, ही आपल्या गावातल्या घरांची सरासरी झाली का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतील.

आता दहा घरांचं एक काल्पनिक गाव घ्या. पाच घरांत एकेक मूल, पाच घरांत तीन-तीन मुलं. घरामागे सरासरी मुलं किती? वीस मुलं भागिले दहा घरं, म्हणजे २. पण हाच प्रश्न आपण घरांना न विचारता मुलांना विचारला तर? पाच मुलं म्हणतील ‘एक’, आणि पंधरा मुलं म्हणतील ‘तीन’. बेरीज ५०, भागिले २०, म्हणजे अडीच. गाव तेच, मुलं तीच, आणि उत्तर वेगळं! मोठ्या घरातून तिघं उत्तर द्यायला येतात, लहान घरातून एकच येतो, म्हणून मोठी घरं आपल्या नमुन्यात जास्त वेळा सापडतात. जिथं मूलच नाही ते घर तर सापडणारच नाही.

आता ‘भावंडांची संख्या’ या जागी ‘मुक्कामाचे दिवस’ ठेवा. ४० मुलांची सोय असलेलं एक बालगृह कल्पनेत आणा. २० खाटांवर अशी मुलं आहेत जी वर्षभर तिथंच राहतात. उरलेल्या २० खाटांवर महिनाभर राहून जाणारी मुलं आहेत. एक गेलं की दुसरं येतं. वर्षभरात या घरातून एकूण मुलं किती गेली? दीर्घ मुक्कामाची २०, आणि थोड्या मुक्कामाची २० गुणिले १२, म्हणजे २४०. एकूण २६०. त्यांत वर्षभर राहणारी आठ टक्क्यांहूनही कमी. पण पथक कोणत्याही दिवशी आलं तरी त्याला काय दिसेल? निम्मी मुलं जुनी, निम्मी नवी. जुनी मुलं बाहेरच्या शाळेत जाणारी, गणवेशातली, पाहुण्यांपुढे न बुजता कविता म्हणणारी. पथकाचं मत साहजिकच त्यांच्यावरून बनतं.

वर्षातून चार भेटी झाल्या तर थोड्या मुक्कामाची मुलं पथकाला किती दिसली? प्रत्येक भेटीत २०, म्हणजे ८०. उरलेली १६० मुलं दोन भेटींच्या मधल्या काळात आली आणि गेली. चारही तपासण्या अगदी चोख, वेळेवर झाल्या, तरी दोन-तृतीयांश मुलं कुणालाच दिसली नाहीत.

मग भेटी वाढवायच्या का? दर महिन्याला भेट ठेवली तर वर्षभरात प्रत्येक मूल दिसेल, पण फक्त एकदा दिसेल. प्रगती म्हणजे बदल, आणि बदल मोजायला निदान दोन नोंदी लागतात हे विज्ञान शिकवणाऱ्यांना सांगायला नको. एकाच क्षणी घेतलेल्या छायाचित्रावरून गाडीचा वेग सांगता येत नाही. खऱ्या बालगृहात मुक्काम इतके नेमके नसतात. कुणी चार दिवस, कुणी चौदा वर्षं. आकडे बदलतील, पण खाच तीच राहील. ज्या मुलांचं शिक्षण सगळ्यांत जास्त तुटलेलं असतं तीच मुलं भेटीच्या दिवशी सगळ्यांत कमी दिसतात.

थोडक्यात, आपण इमारतीवर देखरेख करतो आणि मूल इमारतीतून वाहत असतं. मोजायचं तर मुलाच्या मागे जावं लागेल.

कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. प्रत्येक मुलाची स्वतंत्र काळजी योजना तयार करावी, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दर महिन्याला तिच्यात प्रगतीची नोंद व्हावी, असं २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नमुन्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०१७ मधल्या एका निकालात प्रत्येक मुलाची अशी योजना असण्यावर भर दिला. म्हणजे दोन नोंदींची सोय आहे. प्रश्न असा, की या कागदावर शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? आमच्या पाहण्यातल्या योजनांमध्ये ‘इयत्ता ४ थी’, ‘प्रगती समाधानकारक’, ‘अभ्यासात लक्ष कमी’ असे शब्द होते. बंबाच्या भाषेत सांगायचं तर आत येणाऱ्या पाण्याच्या पुढे ‘गारसर’ आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पुढे ‘बरं’. यातून वजाबाकी कशी करणार?

याऐवजी मूल आल्यावर आठवड्याच्या आत दहा मिनिटं त्याच्याजवळ बसून लिहिलेल्या चार ओळी पुरतात. ‘जोडाक्षरविरहित वाक्य वाचतो. स्वतःचं नाव लिहितो, गावाचं लिहिताना अडतो. पैशांचे व्यवहार तोंडी अचूक करतो, पण हातच्याची बेरीज कागदावर जमत नाही. घरी पावरी बोलतो.’ ही शेवटची ओळ विसरू नये. मराठीतून घेतलेल्या चाचणीत गप्प बसलेलं मूल पुष्कळदा भाषेमुळे गप्प असतं आणि त्याच्या नावावर ‘मंद’ असा शिक्का बसतो. मूल जाताना पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा चार ओळी. या दोन नोंदींमधला फरक म्हणजे त्या वर्गाचं काम.

नोंदी सुचवताना आमच्या मनात एक भीतीही आहे. देखरेख वाढली की रजिस्टरं वाढतात, आणि रजिस्टरं भरणाऱ्या माणसाचं मुलांशी बोलणं कमी होतं. ब्रिटनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या १३ निवासी शिशुगृहांचा अभ्यास करून १९७२ साली तो प्रसिद्ध केला. वरून सगळी शिस्त आखून दिलेल्या आणि स्वतःच्या निर्णयानं काही करण्याची मोकळीक असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या शिशुगृहांतल्या काळजीवाहकांचं मुलांशी बोलणं त्यांनी टिपून घेतलं. मोकळीक असलेल्या ठिकाणी मोठी माणसं मुलांना गोष्टी समजावून सांगत, प्रश्नांना उत्तरं देत. जिथं बारीकसारीक गोष्टी वरूनच ठरत तिथं असं बोलणं कमी होतं. आणि मुलांशी ज्या दर्जाचं बोललं जाई, त्यानुसार त्यांची भाषेची समजही कमी-जास्त आढळली.  फरक पडला तो कारभाराच्या रचनेमुळे. म्हणून चार ओळी म्हणजे चारच ओळी. त्यांचं चाळीस रकान्यांचं प्रपत्र झालं तर मुलाजवळ बसायची दहा मिनिटं त्या प्रपत्रातच जातील. आपल्याकडच्या प्रपत्रांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. मूल गेल्यावर या ओळींचं काय होतं?

व्हरांड्यात बसून आम्ही तेरा मुलांचा हिशेब लावला खरा, पण अकरा मुलं गेली त्यांचं काय? बाईंना त्यांतल्या दोघांचाच पत्ता होता. एकाला चुलत्यानं गावी नेलं होतं. शाळेनं आधीच्या शाळेचा दाखला मागितला; आधीची शाळा दुसऱ्या राज्यात, वीटभट्टीवर आईबाप असतानाची. चुलता दोनदा खेटे घालून थांबला. मुलगा बकऱ्यांमागे जाऊ लागला. बाईंच्या वर्गात तो वाचायला शिकला होता, हे गावच्या शाळेला सांगणारा कागद कुठंच नव्हता.

इथं दोन खात्यांच्या मधली फट उघडी पडते. बालगृहं महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शालेय शिक्षण खात्याकडे. एका खात्याच्या यादीतून मूल ‘पुनर्वसन झाले’ म्हणून कमी होतं आणि दुसऱ्या खात्याच्या यादीत ते आपोआप चढत नाही. दोन्ही नोंदवह्या आपापल्या जागी बरोबर असतात. त्यातही चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं आणखी कठीण, कारण शिक्षण हक्क कायद्याची हद्द तिथं संपते. अशा मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, पण फॉर्मची मुदत संपल्यावर जो बालगृहात येतो त्याचं ते वर्ष जातं. आणि पुढच्या वर्षी तो कुठं असेल?

करोनाच्या साथीत ही फट सगळ्या देशाला दिसली. साथ सुरू झाली तेव्हा संस्थांमध्ये सुमारे २ लाख २७ हजार मुलं होती. त्यांतली १ लाख ४५ हजारांहून अधिक मुलं घरी पाठवली गेल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. १५ डिसेंबर २०२० च्या आदेशात न्यायालयानं संस्थांमधल्या मुलांसाठी पुस्तकं, साहित्य आणि शिक्षक पुरवायला सांगितलं. त्याबरोबरच घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यावेत, असंही सांगितलं. आम्हाला हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथं मदत इमारतीला चिकटून राहिली नाही. ती मुलाबरोबर घरापर्यंत गेली.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना कायमची व्यवस्था म्हणून राबवली जाते. २०१४ च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक स्थानिक प्रशासनाला असा एक अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, ज्याचं काम म्हणजे सरकारच्या देखभालीतल्या मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देणं. त्याला ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ म्हणतात. या शाळेला इमारत नाही, घंटा नाही. पट मात्र आहे. मुलं प्रत्यक्षात वेगवेगळ्या शाळांत शिकतात, काही पालक-कुटुंबांत राहतात, काही निवासी गृहांत. पण ती सगळी जणू एकाच शाळेत आहेत असं धरून त्यांची यादी ठेवली जाते, आणि प्रत्येकाच्या शिक्षणाच्या योजनेचा दर सत्राला आढावा घेतला जातो. मुलानं घर बदललं तरी यादीतलं त्याचं नाव हलत नाही. तिथंही सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. या मुलांचे परीक्षांचे निकाल इतर मुलांपेक्षा मागेच असतात. पण ती किती मागे आहेत हे तिथं माहीत असतं.

आपल्या जिल्ह्यात अशी यादी ठेवायला नवा कायदा लागणार नाही. बालकल्याण समितीचा आदेश निघाला की मूल कुठल्या गावी चाललंय हे ठरलेलं असतं. त्याच दिवशी त्या गावच्या केंद्रप्रमुखांना एक पत्र गेलं, तर निदान निम्मं काम होईल.

उरलेलं काम तुमच्या-आमच्या वर्गात आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या शाळेत नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत असं एखादं मूल दारात उभं राहिलं असेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. त्या चुलत्याला दोनदा परत पाठवणाऱ्या शाळेला हे माहीत असायला हवं होतं. आमचा अनुभव असा, की शाळेचा हेतू वाईट नसतो. वार्षिक तपासणी तोंडावर असताना वाचता न येणारं मूल पटावर घेतलं की वर्गाची सरासरी खाली येते, ही धास्ती असते. पुन्हा तीच सरासरी!

अशा मुलाबद्दल वर्गात काय बोलावं, याचंही एक पथ्य आहे. मूल बालगृहात का होतं ते आपल्याला कळण्याची गरज नाही, आणि कळलंच तर ते शिक्षकांच्या खोलीतही बोलायचं नाही. चार ओळींच्या कागदावर तर ते कारण मुळीच असू नये. मूल काय वाचू शकतं एवढंच शिकवणाऱ्याला हवं असतं. ‘रिमांड होममधून आलाय’ हे एक वाक्य मधल्या सुट्टीत गावभर होतं, आणि मग आपण त्याला कोणता धडा शिकवतो याला फारसा अर्थ उरत नाही.

डिसेंबरातल्या तपासणीच्या वेळी बाईंनी पथकापुढे तक्त्याऐवजी एक वही ठेवली. पानावर एक मूल, वर आल्याची तारीख, खाली चार ओळी. गेलं असेल तर जाण्याची तारीख आणि पुन्हा चार ओळी. पथकातल्या डॉक्टरांनी पाचसहा पानं उलटली आणि म्हणाले, “आमच्या वॉर्डात रोज सकाळी तीसच पेशंट असतात, म्हणून तीस दिवसांत कुणी बरं झालंच नाही असं कुणी म्हणत नाही.” त्यांनी शेरा काय लिहिला ते बाईंनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. करार मार्चपर्यंत आहे.

जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत बाई आता त्या पानाची एक प्रत ठेवतात, आणि स्वतःच्या घरचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट. आधी त्यांनी पोस्टकार्डं आणली होती. मग वाटलं, गावच्या पोस्टात ते उघडं वाचलं जाईल, म्हणून पाकिटं. आतापर्यंत नऊ पाकिटं गेली आहेत. दोन परत आली. एकात फक्त नाव, गाव आणि ‘मी पाचवीत आहे’. दुसऱ्यात, आम्ही शनिवारी केलेल्या एका प्रयोगाबद्दल तक्रार आहे. सलाईनच्या नळीचं कारंजं घरी केलं, पण पाणी वर चढत नाही. बाटली किती उंच टांगायची ते सांगा.